नदीतल्या रोहूसाठी चारा किती आणि कुठे टाकावा

गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात कणकेच्या गोळीला हमखास लागणारे रोहू आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) वैनगंगेत दिवसभर बसूनही गरीला का लागत नाहीत आणि त्यासाठी चारा दुप्पट टाकावा का, असे तुम्ही विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की चारा वाढवू नका. टाकलेला चारा त्याच जागी टिकतो का, हे आधी पाहा.

तलावाचे पाणी थांबलेले असल्याने पाळीवरून (बांधावरून) टाकलेला कोंडा आणि ढेप (पेंड) पडल्या जागी राहते. नदीत तोच चारा तळाला पोचण्याआधी वाहून जातो, मासे त्याच्यामागे खाली सरकतात आणि तुमची गरी वरच्या अंगाला रिकाम्या पाण्यात राहते. म्हणून नदीसाठी भाजलेला तांदळाचा कोंडा दोन भाग आणि कुटलेली शेंगदाण्याची ढेप एक भाग घेऊन त्यात जवळजवळ तेवढीच काठची चिकणमाती मळावी आणि संत्र्याएवढे घट्ट गोळे वळावेत. एक गोळा बादलीतल्या पाण्यात सोडून पाहावा. पडताच फुटला तर माती कमी पडली, अर्ध्या तासानेही तसाच राहिला तर जास्त झाली; दहा-पंधरा मिनिटांत कडेकडेने सुटू लागला की मिश्रण जमले असे समजावे.

हे गोळे धारेच्या मधोमध टाकू नयेत. खडकाच्या आडोशाला किंवा वळणावरच्या डोहाच्या कडेला, जिथे पाणी मंदावते आणि वाहत आलेला पाचोळा गोल फिरत राहतो, तिथे सुरुवातीला चार-पाच आणि नंतर अर्ध्या तासाने एकेक गोळा पुरे होतो. एका मे महिन्यात मी लहानशा तलावात पाटीभर आंबवलेली ढेप एकदम ओतली होती. मासे बुडबुडे सोडत ढेपच खात राहिले, गरीकडे एकही वळला नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्या कोपऱ्यातल्या पाण्याला कुजका वास येत होता. उन्हाळ्यात पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो आणि कुजणारी ढेप तो आणखी घटवते, त्यामुळे ती चूक मला आजही खटकते.

मासा कोणता हवा, यावर गरीची खोली ठरते. कटल्याचे तोंड वर वळलेले असते आणि तो वरच्या थरात खातो, त्यामुळे त्याच्यासाठी सत्तूसारखे बारीक पीठ आणि कमी खोलीवरची गरी योग्य. रोहू मधल्या थरात चरतो, तर मृगळ आणि सायप्रिनस तळाशी. थंडीत पहाटे बसण्यात अर्थ नाही, कारण पाणी गार असताना त्यांची भूक मंदावते. ऊन चढल्यावर बसावे. पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी प्रवाहात चढणाऱ्या माशांना मात्र सोडून द्यावे, आणि तलाव मच्छीमार संस्थेच्या ठेक्याचा असेल तर तिथल्या ढिवर (मासेमार) बांधवांना विचारूनच गरी टाकावी.

सायप्रिनस आमिष तोंडात ओढतो, चाखतो आणि पुष्कळदा बाहेर टाकतो. त्यामुळे पाण्यावर तरंगणारी खुणेची काडी नुसती थरथरली म्हणून झटका देऊ नये. त्याने तळावरचे शिसे उचलले की तंगूस (गरीची दोरी) सैल होतो आणि काडी वर येऊन आडवी पडते, किंवा मासा निघाल्यास ती तिरकी सरकत बुडते. त्याच क्षणी मनगटाने हलकी, सलग ओढ द्यावी.