सुचत नसेल तेव्हा एआयकडून चित्रं काढून घेण्याचा खेळ उपयोगी पडतो का?

तुम्ही विचारलंय की गोष्ट लिहिताना गाडी अडली, तर एआयला चित्रं काढायला लावून काही हाती लागतं का, की डोकं उलट आळशी होतं. मी लहान मुलांसाठी गोष्टी लिहिते आणि या साधनांशी मनापासून खेळते. हाती नक्की लागतं. फक्त तयार चित्र मागायला जाऊ नका. जे जगात नाहीच ते मागा आणि आलेल्या चित्रात काय विचित्र झालंय ते शोधा.

एकदा मी लिहिलं, ‘पावसात घाट चढणारी फणसाची एसटी.’ चित्रातले काटे ड्युरियन या परदेशी फळासारखे लांब आणि अणकुचीदार आले. एसटीही आपली लाल परी नव्हती, परदेशातली दुमजली बस वाटत होती. पण एका खिडकीतून काहीतरी पिवळंधमक बाहेर लोंबत होतं. पडदा की गरा, कळायला मार्ग नव्हता. मी गरा मानला आणि तिथून प्रश्न सुटत गेले. सीटच्या जागी गरेच असतील, तर गरा खाल्ल्याशिवाय बसायला जागा कशी होणार? कंडक्टरच्या बोटांना चीक लागणार, मग तिकीट फाटेल कसं? म्हणून तो खोबरेल तेलाची बाटली खिशात घेऊनच डबल बेल देतो. सुट्ट्या पैशांऐवजी आठळ्या चालतात. फणस कापाच हवा, बरका असता तर पहिल्याच वळणावर सगळे घसरले असते. घाटमाथा येईपर्यंत निम्मी गाडी प्रवाशांच्या पोटात! यातली एकही ओळ एआयने लिहिलेली नाही, आणि गोष्टीसोबतची एसटी मी स्वतः पेन्सिलने काढली.

असं का होतं, हे समजलं की खेळ आणखी रंगतो. २०२२ साली आलेल्या स्टेबल डिफ्यूजनसारखं साधन सुरुवात करतं ती निव्वळ ठिपक्यांच्या कल्लोळापासून. मग तुमच्या शब्दांच्या आधाराने तो कल्लोळ थोडा थोडा निवळत नेतं. सुरुवातीचे ठिपके बदलले की त्याच शब्दांतून वेगळं चित्र निघतं. लिओनार्दो दा विंचीने शिकाऊ चित्रकारांना डाग पडलेल्या भिंतींकडे टक लावून बघायला सांगितलं होतं, त्यात डोंगर, नद्या, लढाया दिसतात म्हणून. मला हे यंत्र त्याच जातीचं वाटतं. डागांत आकार आधी ते शोधतं, त्यापुढचं काम आपलं.

घरात मुलं असतील तर चिठ्ठ्यांचा खेळ करा. एका डब्यात प्राणी, दुसऱ्यात वस्तू, तिसऱ्यात जागा. प्रत्येकाने एकेक उचलायची आणि जे जमेल ते लिहायचं, जसं ‘इस्त्री करणारा खेकडा, रेल्वे फलाटावर’. पॅरिसमधले अतिवास्तववादी कलावंत १९२०च्या दशकात कागदाची घडी घालून असंच खेळायचे: एकाने डोकं काढायचं, दुसऱ्याने ते न बघता धड. जानेवारी २०२१मध्ये ओपनएआय कंपनीने शब्दांवरून चित्र काढणारं डॅल-ई दाखवलं, तेव्हा गाजलेली अव्होकाडोची आरामखुर्चीही अशाच दोन बेमेळ गोष्टींच्या जोडीतून आली होती.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळा: चित्र बघण्याआधी आपल्या मनातलं दोन ओळींत लिहून ठेवा. देखणं चित्र एकदा डोळ्यांत बसलं की हलत नाही, आणि मग आपलं धूसर, अर्धवट पण खरं काहीतरी होतं ते पुसलं जातं. मिडजर्नी हे असंच चित्रं काढणारं साधन एका वेळी चार चित्रं देतं. त्यातलं सगळ्यात गुळगुळीत मी आधी बाजूला काढते आणि ज्यात काहीतरी खटकतं ते ठेवते. ‘हे असं का?’ असं मनात आलं की स्क्रीन बंद करून वही घ्यायची. तिथे अजून चार चित्रं बघण्याचा मोह होतो, पण तो आवरायचा.

मुलांचे फोटो या साधनांत टाकू नका. हयात चित्रकाराचं नाव घालून ‘यांच्यासारखं काढ’ असंही सांगू नका. ती शैली त्या माणसाने आयुष्य घालून कमावलेली असते. वारलीबद्दलही मला तसंच वाटतं. त्रिकोणाची माणसं यंत्र सहज काढून देतं, पण लग्नघरच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिणाऱ्या बायकांना त्यातली पालघट देवी माहीत असते. वारली हवी असेल तर ती काढणाऱ्यांकडूनच शिकावी, नाहीतर त्यांच्याकडून विकत घ्यावी.