मुलीच्या फुटबॉलचं तिकडं काय होईल, असं विचारलंत म्हणून

तुम्ही लिहिलंत की ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत, ओहायोला यायचं ठरतंय, मुलगी अकरा वर्षांची आहे, पेठेतल्या पोरांत फुटबॉल खेळते, तर इकडं आल्यावर तिचा खेळ सुटेल का. शेवटी एकटं वाटतं का, हेही विचारलंत. व्हिसा, फी, विमा यांबद्दल मी काही लिहीत नाही, ते सरकारी पानांवर आहे आणि तिथलंच खरं धरा. पण मुलीच्या फुटबॉलचं वाचलं आणि दोन दिवस मला दुसरं काही सुचेना.

एकटेपणाचं आधी उरकतो. वाटतं. पहिला हिवाळा जड जातो, मग माणूस कामाला लागतो.

मीही कोल्हापूरचाच. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुणच्या मॅच बघत वाढलो. २०१२ साली इकडं आलो तेव्हा आमची मुलगी सात वर्षांची होती. आपल्या फुटबॉलला इथं सॉकर म्हणतात आणि शाळाशाळांतून मुलींचे संघ असतात, त्यामुळं तुमच्या लेकीचा खेळ सुटणार नाही. तेवढी काळजी सोडा. माझं दुखणं दुसऱ्या फुटबॉलचं आहे, हेल्मेट घालून खेळतात त्या अमेरिकन फुटबॉलचं.

आमची मुलगी अकरावीत असताना शाळेच्या मुलांच्या फुटबॉल संघातला किकर, म्हणजे पायानं चेंडू मारणारा, जायबंदी झाला. प्रशिक्षक मुलींच्या सॉकरच्या मैदानावर येऊन विचारू लागले, लांब कोण मारतं? आमची पुढं झाली. टचडाऊन झाला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या हद्दीच्या टोकापर्यंत नेला, की साधारण वीस यार्डांवरून चेंडू दोन खांबांमधून, दहा फुटांवरच्या आडव्या दांडीवरून मारायचा, त्याचा एक गुण मिळतो. तो ती मारायची. कपडे बदलायला तिला नर्सची खोली दिली होती. मध्यंतरात मुलं आत बसायची, प्रशिक्षक बोलायचे, आणि ही दाराबाहेर उभी राहून कान लावून ऐकायची. एकदा मी तसं बघितलं. शाळेला पत्र लिहायचं ठरवलं आणि लिहिलं नाही. ते अजून सलतं.

तिला कॉलेजच्या मुलांच्या संघात जायचं होतं. तिथं शिष्यवृत्तीवर घेतलेल्या मुलांखेरीज काही जागा ‘वॉक-ऑन’ असतात, म्हणजे आपण होऊन चाचणीला जायचं, जमलं तर घेतात. शाळेत खांबांमधलं अंतर २३ फूट ४ इंच, कॉलेजात १८ फूट ६ इंच. शाळेत चेंडूखाली छोटा ठोकळा ठेवता येतो, कॉलेजात तो सरळ जमिनीवरून मारावा लागतो. म्हणून बारावीनंतरचा अख्खा उन्हाळा आम्ही दोघं ठोकळ्याशिवाय सराव करत होतो. ती मारायची, मी खांबांमागून चेंडू गोळा करायचो. इकडं आल्यापासूनचे माझे सगळ्यात चांगले दिवस ते.

जेवताना ती मला नावं सांगायची. लिझ हेस्टन, १९९७, कॉलेजच्या सामन्यात गुण मिळवणारी पहिली बाई. केटी हनायडा, २००३, कॉलेज फुटबॉलच्या सगळ्यात वरच्या गटात गुण मिळवणारी पहिली. सारा फुलर तर आम्ही घरात बसून टीव्हीवर बघितली. २८ नोव्हेंबर २०२०, कोविडमुळं व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे किकर बाहेर होते, म्हणून मुलींच्या सॉकर संघातली गोलकीपर आणली. तिला त्या दिवशी एकच किक मिळाली, दुसऱ्या अर्धाची सुरुवात करणारी. पण दोनच आठवड्यांनी टेनेसीविरुद्ध तिनं दोन गुण मारले. आमची तेव्हा दहावीत होती. सोफ्यावर उभी राहून ओरडली होती.

मी मात्र हनायडाचं पुढचं वाचलं. आधीच्या विद्यापीठाच्या संघात सहखेळाडूंनी छळलं आणि त्यांतल्या एकानं बलात्कार केला, असं तिनं २००४ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं. ते मी रात्री एकटाच बसून वाचलं. मुलीशी त्याबद्दल बोललो नाही, बायकोशीही नाही.

आता कागदांचं. आम्ही येताना मुलीचं लसीकरणाचं कार्ड आईच्या ट्रंकेत राहिलं. शाळेत नाव घालायला ते हवंच होतं. फोनवर शोधाशोध झाली, सापडेना, आणि शेवटी सात वर्षांच्या पोरीला घेतलेल्याच लसी पुन्हा टोचल्या. कॉलेजात दुसरं निघालं. चाचणीआधी वैद्यकीय तपासणी लागते, सिकलसेलची तपासणी लागते, आणि भारतात जन्म म्हणून टीबीची. हातावर टोचून बघायची ती चाचणी बीसीजी घेतलेल्याला टीबी नसतानाही फुगू शकते. हिची फुगली. मग एक्स-रे, मग पत्र, मग त्या पत्रावर सही करणारे डॉक्टर सुट्टीवर. सप्टेंबर २०२३ मधली संघनिवडीची चाचणी तशीच गेली. त्याच महिन्यात हेली व्हॅन व्होर्हिस शेनँडोह विद्यापीठाकडून मैदानात उतरली, किकर म्हणून नव्हे, बचावफळीत, एनसीएए या कॉलेजांच्या मोठ्या क्रीडा संघटनेच्या सामन्यात अशी पहिलीच मुलगी. आमची ती बातमी फोनवर बघत बसली होती आणि मी तिच्या शेजारी एक्स-रेचं पाकीट धरून. म्हणून सांगतो, टीबीची रक्तातून होणारी चाचणी मागून घ्या, बीसीजीमुळं ती फसत नाही. हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नाही.

कायद्याचं तुम्ही विचारलेलं नाही, तरी मुलीच्या बापाला माहीत असावं. अंगाला अंग भिडतं अशा मुलांच्या खेळात मुलीची चाचणी कॉलेजनं घेतलीच पाहिजे असं नाही. पण एकदा घेतली, की मुलगी म्हणून डावलता येत नाही. हे १९९९ मध्ये अपील न्यायालयानं सांगितलं, ड्यूक विद्यापीठाच्या हेदर मर्सरच्या खटल्यात. चाचणी देऊनही आधी तिला संघात घेतलं नव्हतं, ती संघाची मॅनेजर म्हणून राहिली. पुढं १९९५ च्या सराव सामन्यात २८ यार्डांवरून तिनंच जिंकून देणारी किक मारली, आणि तरी नंतर संघातून काढली. ज्युरीनं २००० साली तिला २० लाख डॉलरची दंडाची रक्कम दिली, ती पुढं रद्द झाली. दार उघडतं, पण आत कुणाला बसवायचं ते एका माणसाच्या मनावर असतं. ‘कौशल्य कमी पडलं’ एवढं लिहिलं की कोण काय करणार.

आमच्या मुलीची चाचणी जानेवारी २०२५ मध्ये झाली. पहाटे सहाला, छपराखालच्या मैदानात. बाहेर बर्फ होतं. मी तिला सोडलं, पालकांना आत सोडत नाहीत, म्हणून गाडीत बसून राहिलो. दीड तासानं आली. आठपैकी सात. आठवा खांबाला लागून बाहेर. एवढं सांगून ती गप्प बसली, पण चेहरा कसा उजळला होता.

यादीत तिचा नंबर नव्हता. दोन दिवसांनी फोन आला, मॅनेजर म्हणून याल का. पाण्याच्या बाटल्या, चेंडूंच्या पिशव्या, सरावाचं चित्रीकरण. ती नाही म्हणाली. तक्रार करायची का, असं मी विचारलं, तर म्हणाली, ‘बाबा, यंदा करून काय?’ खरं होतं. आम्ही रांगेतले, ग्रीनकार्ड आलेलं नाही. एकवीस पूर्ण झाली की माझ्या व्हिसावरून तिचं नाव निघणार, विद्यार्थ्यांचा वेगळा व्हिसा काढावा लागणार. तिच्या मनात ती तारीख होती, पुढचा मोसम नव्हता. तुमची मुलगी अकरा वर्षांची आहे. दहा वर्षं लांब वाटतात. आम्हालाही वाटली होती.

आणि आता जे लिहायला बसलो ते लिहितो. त्या पहाटे गाडीत मी अंबाबाईला हात जोडले होते. मुलीला संघात घेऊ नयेत, असं मागितलं. आठ किकांपैकी कितवी चालू असेल तेव्हा, माहीत नाही. यादी आली त्या रात्री पोरगी खोलीचं दार लावून बसली होती आणि मला महिन्याभरात पहिल्यांदा गाढ झोप लागली. सकाळी तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, ‘बाबा, तुम्हाला बरं वाटलं ना?’ मी म्हणालो, तसं काही नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही.

रविवारी घरी असली की अजून ती जुन्या शाळेच्या मैदानावर जाते. मला हाक मारत नाही. मी आपणहून मागं जातो आणि खांबांमागं उभा राहतो.

लसीकरणाचं कार्ड आत्ताच शोधा. जन्म झाला त्या दवाखान्यातून इंग्रजीत लिहून, शिक्का मारून घ्या, बीसीजीची तारीख घालून, आणि ते सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा.