बुशेचं ‘ला त्वालेत’ (साजशृंगार) पहिल्यांदा बघताना

रोकोको, म्हणजे अठराव्या शतकातली नाजूक, सजावटी फ्रेंच कलाशैली, समजून घ्यायला तुम्ही फ्रांस्वा बुशेचं हे १७४२चं चित्र निवडलंत, उत्तम केलंत. इतक्यात दहा चित्रं चाळू नका, या एकालाच अर्धा तास द्या.

आधी माप लक्षात घ्या: जेमतेम ५२.५ × ६६.५ सेंमी. माद्रिदच्या तिसेन-बोर्नेमिसा संग्रहालयातलं हे तैलचित्र स्वीडनच्या काउंट टेसिनसाठी काढलेलं. एवढं लहान चित्र जवळूनच बघायचं असतं, म्हणून मोबाइलवर तुकड्यातुकड्यानं मोठं करत जा.

नजर अशी फिरवा:

- बसून मोज्याची फीत बांधणाऱ्या स्त्रीचे हात. हालचालीचं केंद्र तिथंच आहे.
- चेहऱ्यावरची काळी टिकली. ही ‘मूश’, रेशमी कापडाची कापून चिकटवायचे. म्हणजे चेहरा सजलाय, पोशाख अजून अर्धवट आहे!
- टोपी दाखवणारी पाठमोरी दासी. तिच्या झग्याचा घोळ सावकाश बघा, रेशमाची चकाकी रंगवण्यात बुशेचा हात कुणी धरू शकत नाही.
- पायाशी लोकरीच्या गुंड्याशी खेळणारं मांजर, मागे पक्ष्यांची नक्षी असलेला घडीचा पडदा, चहाची भांडी. पूर्वेकडच्या वस्तूंची तेव्हा पॅरिसमध्ये चलती होती.

नवखे हमखास दोन चुका करतात. पहिली, फीत बांधणाऱ्या स्त्रीला मादाम द पाँपादूर, म्हणजे राजा पंधराव्या लुईची प्रेयसी समजणं. पाँपादूर दरबारात आली १७४५ मध्ये, चित्रानंतर तीन वर्षांनी. दुसरी, पसाऱ्याला निष्काळजीपणा मानणं. जमिनीवर पडलेली प्रत्येक वस्तू मुद्दाम मांडलेली आहे.

रंगलेपनाचं तंत्र सध्या बाजूला ठेवा. आधी वस्तूंची यादी वहीत लिहून काढा.