बनानाक्विटला पिल्लं नसतानाही घरटं का लागतं?

झोपायला! कॅरिबियन बेटांपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत दिसणारा हा जेमतेम 10 ग्रॅमचा, पिवळ्या पोटाचा पक्षी रात्री गवताच्या गोल घरट्यात शिरून झोपतो. अंडी घालायचं घरटं वेगळं, जास्त नीट विणलेलं. ते नर-मादी मिळून बांधतात. दार बाजूला असतं. कित्येकदा जागा निवडतात ती थेट गांधीलमाश्यांच्या पोळ्याशेजारी, केवढी हुशारी ही! अंडी बहुधा 2-3, ठिपक्यांची. उबवते एकटी मादी, 12-13 दिवस. भरवतात मात्र दोघंही.

मध पितो म्हणून आपल्या शिंजिराचा भाऊबंद वाटतो, पण जवळचं नातं काही नाही. लांब फुलाच्या बुडाशी बाकदार चोचीनं भोक पाडून, परागांना न शिवता, तो मध ओढून घेतो.