उघडून पाहिलंस का?

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री वाचला. लगेच उत्तर दिलं असतं तर त्यात रागच जास्त उतरला असता, म्हणून सकाळचा चहा होईपर्यंत थांबले. नवी मुंबईसाठी किती गावांच्या जमिनी घेतल्या हे शोधायला तू तीन प्रबंध वाचलेस. एकात ८६ गावं, दुसऱ्यात ९५, तिसऱ्यात ‘जवळपास शंभर’. आणि मग मला विचारतेस, ‘मॅडम, बऱ्याच ठिकाणी ९५ दिसतंय, तर ९५ धरू का?’

मतदान घ्यायचंय का आकड्यांचं?

तिन्ही प्रबंधांत त्या वाक्याखाली तळटीप असेलच. तळटिपेत कशाचं तरी नाव असेल. ते तू उघडून पाहिलंस का? नाही पाहिलंस. पाहिलं असतंस तर मेसेजमध्ये लिहिलं असतंस. सगळ्या नोकरीत कॉलेजच्या ग्रंथालयात काउंटरच्या या बाजूला बसून मी हाच एक प्रश्न विचारत आले आणि त्यापायी विद्यार्थ्यांमध्ये ‘खडूस मॅडम’ झाले. तुलाही तोच विचारणार.

आता ऐक. ८६ बरोबर आहे आणि ९५ही बरोबर आहे. फेब्रुवारी १९७० मध्ये जमीन घ्यायचं ठरलं तेव्हा यादीत ८६ गावं होती. ऑगस्ट १९७३ मध्ये आणखी ९ गावं त्यात घातली. ज्याने आधीचा कागद धरला त्याने ८६ लिहिलं, ज्याने नंतरचा धरला त्याने ९५. ज्याने कुठलाच कागद पाहिला नाही त्याने ‘जवळपास शंभर’ लिहिलं आणि त्यालाही पदवी मिळाली. पण म्हणून माझ्या या पत्रावरून प्रबंधात काही लिहू नकोस. मी सांगितलं म्हणजे तू पाहिलं असं होत नाही. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ४ खाली निघालेल्या अधिसूचना शोध, त्यांतली गावांची नावं स्वतः मोज. तुझं घणसोली त्यात कुठे बसतं तेही तुझ्याच डोळ्यांनी बघ. आजोबांची जमीन गेली एवढं तुला माहीत आहे. कुठल्या तारखेच्या कुठल्या कागदाने गेली, ते माहीत असायला नको?

या अधिसूचना सरकारी राजपत्रात छापून येतात, आणि त्याचे बांधीव खंड मोठ्या ग्रंथालयांच्या सरकारी प्रकाशनांच्या विभागात असतात. तिथे गेल्यावर ‘भूसंपादनावर काही आहे का’ असं विचारलंस तर ‘नाही’ हेच उत्तर येईल, आणि ते देणाऱ्याची चूक नसेल. त्याच्यापुढे तू समुद्र ओतलास, तो काय भरणार? ‘१९७० आणि १९७३ च्या महाराष्ट्र शासन राजपत्राचे खंड पाहायचे आहेत’ असं म्हण. वर्ष सांग, प्रकाशन सांग, कशासाठी हवंय ते एका वाक्यात सांग. ग्रंथपाल म्हणजे पुस्तकं राखणारा रखवालदार ही समजूत तुमच्या पिढीत कुठून आली कोण जाणे. (आमच्यातल्या काही जणांनी ती खरी करून दाखवली, हेही आहेच.) रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रं मांडली, त्यांतलं चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. तो आम्ही वाचवायचा. पण तू काय शोधतेस हेच तुला सांगता येत नसेल तर कुणी काही वाचवू शकत नाही.

ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकावरच्या सूचीत, तू ‘नवी मुंबई’ टाकून पाहिलंस आणि फारसं काही नाही म्हणून परत आलीस, असं लिहिलंयस. अगं, त्या काळात सगळे ‘न्यू बॉम्बे’ लिहायचे. ते टाक. ठाण्याचं इंग्रजी स्पेलिंग जुन्या कागदांत ‘ठाणा’ वाचावं असं आहे, तेही टाक. पनवेल-उरणसाठी ‘कुलाबा’ टाक, कारण त्या जिल्ह्याला रायगड हे नाव १९८१ मध्ये आलं. आणि १८८२ चं बॉम्बे प्रेसिडेन्सीचं गॅझेटियर काढलंस तर पनवेल तुला ठाण्याच्या तेराव्या खंडात सापडेल, कारण तेव्हा तो तालुका ठाणे जिल्ह्यात होता. हे ठाऊक नसलेली माणसं कुलाब्याचा खंड चाळतात आणि ‘माहिती उपलब्ध नाही’ असं बेधडक लिहून मोकळी होतात. आपल्याला सापडलं नाही आणि ते अस्तित्वातच नाही, यांतला फरक कळत नसेल तर संशोधन करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तू म्हणशील, मॅडम फार टोकाचं बोलतात. बोलते.

कपाटापाशी गेलीस की हातातलं पुस्तक घेऊन लगेच टेबलाकडे पळू नकोस. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्युईच्या वर्गीकरणात तुझा विषय एका जागी नाही. जमिनीचं अर्थशास्त्र ३३३ मध्ये, वस्त्या आणि समुदाय ३०७ मध्ये, नगररचना ७११ मध्ये, जिल्ह्याचा इतिहास ९५४ च्या पोटात. चारही ठिकाणी उभी राहा, शेजारची पुस्तकं काढ, मागची सूची बघ. पडद्यावरच्या यादीत शेजार दिसत नाही.

१९६१ आणि १९७१ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकाही काढ. गावागावाची नोंद आहे त्यांत. प्रकल्पाआधी तुझ्या गावात किती माणसं होती हे तू कुठल्याशा लेखावरून उचललंयस, ते मला मुळीच आवडलेलं नाही.

आणखी एक गोष्ट मनात सलते ती सांगते. नवी मुंबईवरच्या जवळपास प्रत्येक प्रबंधात ‘मार्ग’ या नियतकालिकाच्या १९६५ च्या अंकाचा उल्लेख येतो. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना त्यात मांडली होती. उल्लेख सगळे करतात. पण उल्लेख करणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी विचारायची, ‘अंक कुठे बघितलास?’ त्यावर खाली बघणाऱ्यांची संख्या मोठी. एकाने तर सरळ सांगितलं, ‘मॅडम, सगळेच देतात ना तो.’ त्याचं नाव सांगणार नाही. आज तो प्राध्यापक आहे.

संदर्भग्रंथ मी घरी देत नसे, त्यावरून प्राचार्यांपर्यंत तक्रारी गेल्या. विद्यार्थ्यांची गैरसोय करते, पुस्तकं काय कुलपात ठेवायला घेतलीत का, वगैरे. आजही माझं म्हणणं तेच आहे: संदर्भग्रंथ घरी गेला की तो एकाचा होतो, आणि परत येताना कधीकधी चार पानं कमी घेऊन येतो. वाचनकक्षात बसा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसा, मी दिवे बंद करायला घाई करणार नाही. किती जण बसले? जे बसले त्यांच्या तळटिपा आजही कुणी तपासाव्यात. मला त्यात स्वतःची बाजू मांडायची नाही. बरं, थोडी मांडायची आहे. इतकी वर्षं ऐकून घेतलं, एक परिच्छेद तरी माझा.

त्याच ग्रंथालयातले वर्तमानपत्रांचे बांधीव खंड एका उन्हाळ्यात रद्दीत गेले. जागा हवी होती. ‘हे सगळं आता ऑनलाइन आहे’ असं मला सांगण्यात आलं. मी विचारलं, उघडून पाहिलंत का? मराठी वर्तमानपत्रांची जिल्ह्याची पानं ऑनलाइन आहेत का ते पाहिलंत? कुणी पाहिलं नव्हतं. मी भांडले आणि हरले. जानेवारी १९८४ मध्ये उरणजवळच्या जासई भागात शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच माणसं गेली. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचं ते आंदोलन आणि त्यानंतर आलेली, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना याशिवाय तुझा प्रबंध उभाच राहणार नाही. त्या आठवड्याची पानं घरापासून अर्ध्या तासावर तुला मिळायला हवी होती. आता त्यासाठी मुंबई गाठ. टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आणि राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार. जाण्याआधी गाईडच्या सहीचं आणि शिक्क्याचं पत्र घे, ओळखपत्र घे, आणि काय पाहायचं ते तारखेनिशी लिहून ने.

विद्यापीठाचं म्हणशील तर कलिन्यातलं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय तुला कुर्ल्याला उतरून जवळ पडेल. राजाबाई टॉवरच्या ग्रंथालयातही जा, पण १८७८ च्या त्या मनोऱ्याचे आणि रंगीत काचांचे फोटो काढण्यात अर्धा दिवस घालवू नकोस. एखादं पुस्तक तिथे नसेल तर आंतरग्रंथालयीन देवघेवीचा अर्ज माग. ही सेवा असते, आणि कुणी मागतच नाही म्हणून ती धूळ खाते.

घरबसल्या मिळतं तेही सोडू नकोस. मी काही तंत्रज्ञानाची वैरीण नाही. केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेखाली २०२५ पासून सरकारी संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली आहेत. तुझं लॉगिन कसं चालू करायचं हे ग्रंथालयात जाऊन एकदा नीट समजून घे. शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, प्रबंधाची प्रकरणं वेगवेगळ्या फायलींत असतात. तू पहिलं प्रकरण उघडून बसतेस, त्याऐवजी आधी संदर्भसूचीची फाईल उघड. तिथेच कळेल हा माणूस कुठल्या कपाटांपर्यंत गेला होता. शोधगंगोत्रीवर चालू संशोधनाचे आराखडे असतात, तेही बघ, म्हणजे तुझाच विषय आणखी कुणी घेतलाय का ते आत्ताच समजेल. पण लक्षात ठेव, प्रबंध हा वाट दाखवायला. पन्नास वर्षांपूर्वीच्या गोष्टीचा पुरावा म्हणून चार वर्षांपूर्वीचा प्रबंध पुढे करू नकोस.

तुझ्या यादीतले दोन लेख मला कुठेच सापडले नाहीत. नियतकालिक खरं, वर्ष पटण्यासारखं, शीर्षक तर तुझ्या विषयाला इतकं फिट बसणारं की मला तिथेच संशय आला. अंकाची अनुक्रमणिका काढली, त्यात ते लेखच नाहीत. ते तू चॅटबॉटकडून घेतलेस ना? घेतले असशील तर काढून टाक, आणि त्यांच्या आधारावर लिहिलेली वाक्यंही काढ. तुला वाटत असेल, यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्याविरुद्धच्या नियमांप्रमाणे साम्य दहा टक्क्यांच्या आत आलं की सुटलो. ते सॉफ्टवेअर साम्य मोजतं. जो लेख कुणी लिहिलाच नाही त्याच्याशी साम्य शून्य येणार, आणि ते हिरवा कंदील दाखवणार. तळटिपेतलं पुस्तक उघडलं होतंस की नाही हे जगातलं कुठलंही यंत्र तुला विचारणार नाही. म्हणून मी विचारते.

माझी एक खंत आहे, ती इथे लिहावी की नाही कळत नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांना कागद काढून दिले. ठाण्याच्या खाडीकाठच्या मिठागरांवर एक टिपण लिहायचं मनात होतं, माहितीची कार्डं केलेली होती, खोक्यात आहेत. रोज वाटायचं, अजून एक कागद पाहायचा राहिलाय. तुला वाटेल, हेच तर मॅडमच्या हट्टाचं फळ. असेलही. माझ्या मुलाचंही तेच म्हणणं आहे. तरी अर्धवट पाहून लिहिलं असतं तर मला झोप लागली नसती, एवढं मात्र खरं. तू माझ्यासारखी अडकून राहू नकोस. पाहा, नोंद कर, तारीख घाल, पान क्रमांक घाल आणि लिही. जे पाहता आलं नाही ते दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतलं असेल तर तसं स्वच्छ सांग: अमुक कागद, तमुक ग्रंथात उद्धृत. त्यात कमीपणा नाही. न पाहता पाहिल्याचं सोंग आणण्यात आहे.

गाईड म्हणतात महिनाअखेर पूर्वसंशोधनाचा आढावा द्या. त्यांना सांग की गावांच्या संख्येचा मुद्दा तपासते आहे, दोन आठवडे जास्त लागतील. चिडतील. चिडू देत. शंभर पीडीएफ असलेला तो फोल्डर आहे ना, त्यातलं उघडलेलं किती आणि नुसतं उतरवलेलं किती, ते आज रात्री वेगळं कर. उघडलेल्यांची यादी मला पाठव, दुसरी नको.

शनिवारी मी ठाणे स्टेशनजवळच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात असेन. १८९३ पासूनची संस्था आहे, वि. ल. भाव्यांची, स्थानिक मराठी साहित्य तिथे पाहायचंय तुला, विद्यापीठात ते मिळेलच असं नाही. अकराला ये. येताना तिन्ही प्रबंधांतल्या त्या वाक्याखालच्या तळटिपा वहीत उतरवून आण, मोबाईलमधला फोटो चालणार नाही. आणि डबा आण, मधेच वडापाव खायला उठलेलं मला खपत नाही.

तुझी,
मॅडम