इन्किलाब, इस्तिफ्ता आणि इंतिखाब

एका वाचकाने विचारलंय: 'इजिप्तवरच्या लेखात "इन्किलाब" या अरबी शब्दाचा अर्थ लष्करी बंड असा दिला आहे. आपल्या "इन्किलाब झिंदाबाद"मध्ये तर तो क्रांती. लेखक चुकला का? आणि निवडणुकीला अरबीत काय म्हणतात?'

लेखक चुकलेला नाही. शब्दाचा धातू क-ल-ब, म्हणजे उलटणं, पालथं होणं. उर्दूमार्गे आपल्याकडे आला तो क्रांतीचा अर्थ घेऊन. आजच्या अरबीत मात्र क्रांती म्हणजे 'थौरा' (कैरोत बोलताना 'सौरा'), आणि 'इन्किलाब' म्हणजे रणगाडे आणून सत्ता बळकावणं. म्हणून तिथे हा जवळजवळ शिवीसारखा शब्द आहे. 3 जुलै 2013 रोजी इजिप्तच्या लष्कराने लोकांनी निवडून दिलेले राष्ट्राध्यक्ष मुहम्मद मुर्सी यांना हटवलं. मुर्सींचे पाठीराखे त्याला इन्किलाब म्हणतात, तर 2014 च्या राज्यघटनेची प्रस्तावना त्या घडामोडींना थौरा म्हणते. घटना तीच; कोण कुठला शब्द उच्चारतो यावरून माणूस कुठल्या बाजूचा ते कळतं. हा खेळ जुनाच. 1952 साली राजा फारूकला घालवणारे लष्करी अधिकारी आधी स्वतःच्या उठावाला नुसतं 'हरकत', म्हणजे चळवळ, म्हणत होते. थौरा हे नाव नंतर रूढ झालं. (आपली 'हरकत' वेगळ्याच वाटेने गेली.)

आता निवडणूक. शब्द आहे 'इंतिखाब'. धातू न-ख-ब, म्हणजे वेचून उत्तम ते घेणं. 'नुख्बा' म्हणजे वरचा, निवडक वर्ग, तोही याच धातूचा. निवडून आलेला प्रतिनिधी 'नाइब', अनेकवचन 'नुव्वाब'. आपले नायब तहसीलदार आणि लखनौचे नवाब हे दोघे त्या घरचेच. तेव्हा इजिप्तच्या 'मजलिस अन-नुव्वाब'मध्ये नवाब बसत नाहीत, निदान नावापुरते तरी लोकप्रतिनिधी बसतात.

पण खरी गंमत 'इस्तिफ्ता'त आहे. 2005 पर्यंत इजिप्तमध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी इंतिखाब होतच नव्हता, इस्तिफ्ता व्हायचा. संसद एकच नाव सुचवणार, लोकांनी हो किंवा नाही म्हणायचं. हा शब्द 'फतवा'चा सख्खा भाऊ. मराठीत फतवा 'काढतात', म्हणजे हुकूम सोडतात. मुळात मात्र फतवा म्हणजे विचारलेल्या प्रश्नावर जाणकाराने दिलेलं मत, आणि इस्तिफ्ता म्हणजे ते मत मागणं. लोकांना मत विचारायचं, उत्तर मात्र आधीच ठरलेलं. सीरियात 2000 साली बशर अल-असद यांना 97 टक्क्यांहून अधिक मतं मिळाली, 2002 साली इराकमध्ये सद्दाम हुसेन यांना थेट 100 टक्के. अरबी पत्रकारितेत 99.99 टक्क्यांच्या अशा निकालांना 'चार नऊ' म्हणून हिणवतात.

सद्दामच्या त्या मतदानाला सरकारी भाषेत 'बैअत'ही म्हणत. बैअत म्हणजे राज्यकर्त्याच्या हातावर हात ठेवून दिलेलं निष्ठेचं वचन. धातू 'बैअ', विक्री. सौदा पक्का करताना हात मिळवत, त्यावरून. जमिनीच्या व्यवहारातला आपला 'बयाना' याच कुळातला. मतदार इथे निवडत नाही, वचनात बांधला जातो.

लोकशाहीला 'दिमुक्रातिया' हा ग्रीक उसना शब्दच चालतो. 'शूरा', म्हणजे सल्लामसलत, हा घरचा पर्याय बरेच जण पुढे करतात, पण सल्ला मानायलाच हवा असं त्यात नाही. उसन्या शब्दाची तर सगळ्यांनीच वाट लावली. सत्ता बापाकडून लेकाकडे जाणाऱ्या प्रजासत्ताकांसाठी इजिप्तचे समाजशास्त्रज्ञ साद एद्दीन इब्राहिम यांनी 'जुम्हूरिया' (प्रजासत्ताक) आणि 'मलकिया' (राजेशाही) एकत्र करून 'जुम्लूकिया' हा शब्द घडवला. मला तो फार आवडतो.

2011 च्या अरब देशांतल्या उठावांनंतर लोकांची भाषा बदलली आणि पुढे मनंही. अरब देशांत जनमत चाचण्या घेणाऱ्या 'अरब बॅरोमीटर'ने 2021-22 मध्ये घेतलेल्या पाहणीत बहुतेक देशांतले लोक लोकशाहीच बरी म्हणाले, पण तिच्या राज्यात अर्थव्यवस्था कमजोर असते असंही म्हणाले. ट्युनिशियात ऑक्टोबर 2011 मध्ये मतदानाला रांगा लागल्या होत्या; डिसेंबर 2022 च्या संसदीय निवडणुकीत जेमतेम 11 टक्के मतदान झालं. बहुतेक मोठ्या पक्षांनी त्या वेळी 'मुकातआ' केला होता, म्हणजे बहिष्कार. धातू क-त-अ, तोडणं. आपला 'मक्ता' त्याच धातूचा, आणि त्यावरून झालेली मक्तेदारीही.