एक पणजोबा कॅम्पात, एक निजामाच्या पोलिसात

प्रश्न: आम्ही परभणी जिल्ह्यातले. बाबांकडचे पणजोबा १९४८ ला उमरखेडच्या कॅम्पात, म्हणजे निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या तळावर होते, घरात त्यांचं सन्मानपत्र आहे, दर १७ सप्टेंबरला फोटोला हार असतो. पण आईकडचे पणजोबा निजामाच्या पोलिसात जमादार होते असं आजीनं दिवाळीत सहज सांगून टाकलं आणि मामा लगेच म्हणाले, हे बाहेर बोलू नको. मला दोघांचीही माहिती काढायचीय. ते रझाकार होते का हे कसं कळणार?

उत्तर: आधी शेवटचंच घेऊ. पोलिस म्हणजे रझाकार नाही. पोलिस आणि फौज सरकारी पगारावर, रझाकार ही कासिम रझवीची, निजामाच्या बाजूनं लढणारी सशस्त्र स्वयंसेवक संघटना, आणि हा रझवी वकिली करायचा आपल्या लातूरलाच. पण काही ठाण्यांनी रझाकारांना मोकळं रान दिलं हेही खरंय, म्हणून 'पोटासाठी नोकरी होती' एवढ्यावर विषय मिटवू नका, ठाणं कोणतं आणि साल कोणतं ते काढा.

कॅम्पवाल्या पणजोबांचं सोपंय. स्वातंत्र्यसैनिक पेन्शनसाठी अर्ज केला असेल तर त्यात सोबत्यांचे दाखले जोडलेले असतात, कोण कुठल्या कॅम्पात होतं, सगळं. फक्त ते कागद बऱ्याच वर्षांनी, आठवणीवर झालेत, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

जमादारांचं मात्र आजीच्या ट्रंकेपासून सुरू करा. नेमणुकीचा, बदलीचा कागद असेल तर उर्दूत असणार आणि साल फसली, म्हणजे निजामाच्या दफ्तरातलं, ऑक्टोबरात सुरू होणारं. महिना ऑक्टोबर ते डिसेंबरमधला असेल तर त्यात ५९० मिळवायचे, जानेवारी ते सप्टेंबरमधला असेल तर ५९१. म्हणजे कागदावर 'आबान १३५७' दिसलं तर दचकू नका, तो पोलिस अ‍ॅक्शनचाच, म्हणजे भारताची फौज निजामाच्या राज्यात शिरली तोच महिना, सप्टेंबर १९४८! उर्दू वाचणारे जुने लोक गावात असतातच, आणि कुणबी नोंदी शोधायला लागल्यापासून तर त्यांना भाव आलाय. नोकरी पुढंही टिकली असेल तर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला तेव्हा तेही इकडेच आले असतील, मग पेन्शनचे कागद मराठीतही सापडतील. तहसीलमधून १९५४-५५ चं खासरा पत्रकही काढा, जमीन कुणाच्या नावावर होती त्यावरून गाव पक्कं होतं. एवढ्यावर नाही भागलं तर हैदराबादचं अभिलेखागार आहे, पण तिथं ठाण्याचं नाव न घेता गेलात तर हात हलवत परत याल.

आणि आजीला तारखा विचारू नका, नाही सांगता येणार. "रझाकारीत तुम्ही कुठं राहायच्या, वडील रात्री घरी असायचे का, मिल्ट्री आली त्या दिवशी काय शिजलं होतं," असं विचारा, आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून ठेवा. मामा घरात नसताना विचारलं तर जास्त बोलतील.